नागपुरांतील एक ख्रिस्ती पीठ

नागपुरांतील सदर भागांत ‘ऑल सेंट्स कॅथेड्रल’ म्हणजे सर्व संतांचें म्हणून एक ख्रिस्ती उपासनामंदिर आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांस तें इंग्रजी अमदानीचें स्मारक वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे, हें तारखा लावून पाहिल्यास कळून येईल.

हें मंदिर १८५१ सालचें. त्या वेळीं नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजीराजे भोसले होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांचें वर्चस्व येथें बसलें होतें खरें, तथापि राज्य भोसल्यांचेंच होतें. १८५३ च्या डिसेंबरांत राजे औरस पुत्रावांचून वारले आणि पुढील सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. म्हणजे हें मंदिर येथील प्रत्यक्ष इंग्रजी राज्याहून वयानें वडील ठरतें!

आतां ‘कॅथेड्रल’ म्हणजे काय? ग्रीक भाषेंत ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. बिशपाचें आसन जेथें असेल तें कॅथेड्रल. आपल्याकडील शृंगेरी, द्वारका इत्यादि पीठांची येथें सहज आठवण होते. मंदिर असणें निराळें व पीठ असणें निराळें. पहिलीं पन्नास वर्षें हें केवळ मंदिरच होतें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें, १८६७ सालीं आगगाडी आली, गांवाचें महत्त्व वाढलें. आणि १९०३ सालीं एअर चॅटर्टन हे नागपूरचे पहिले बिशप झाले. याच गृहस्थांनीं पुढें १९१६ सालीं गोंडवनाची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, हें इतिहासप्रेमी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१९३० सालीं हिंदुस्थानांतील ही धर्मसंस्था इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानें स्वतंत्र झाली. राजकीय स्वातंत्र्याच्या सतरा वर्षें आधीं! परंतु या वास्तूचा खरा मोठा दिवस त्याहूनही पुढचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं याच मंदिराच्या आवारांत उत्तर भारतांतील सहा ख्रिस्ती पंथ एक झाले. बिशप असावा कीं नसावा, बाप्तिस्मा बालपणीं द्यावा कीं जाणत्या वयांत, असे त्यांचे मतभेद शतकांचे होते. वाटाघाटी सुमारें चाळीस वर्षें चालल्या. शेवटीं बिशप सर्वांनीं मान्य केला आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीति ग्राह्य ठरल्या. एकदां वेगळ्या झालेल्या चुली पुन्हां एकत्र येणें किती अवघड असतें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

परक्या अंमलदारांसाठीं उभारलेली वास्तु अशा रीतीनें येथील लोकांची झाली. भिंती कोणी बांधल्या यापेक्षां आंत पुढें काय घडलें, यावरच वास्तूची योग्यता ठरते असें आम्हांस वाटतें. पुढल्या वेळीं सदरमधून जातांना आपल्या मुलांस ही हकीकत अवश्य सांगावी. शेजाऱ्याच्या घराचा इतिहास ठाऊक असणें, हाही सुशिक्षितपणाचाच भाग होय.