रोज वजन करावं की आठवड्यातून एकदा? काटा, ॲप आणि त्या आकड्यामागचं गणित

आज विषय थोडा वेगळा आहे, पण त्यात मोबाईल आहे, ब्लूटूथ आहे आणि थोडं गणितही आहे.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने ब्लूटूथवाला वजनकाटा मागवला. पहिल्या दिवशी आकडा आला ८६.४ किलो. ठरवलं, आता कमी करायचंच. रोज संध्याकाळी पाऊण तास चालणं सुरू केलं आणि वजन करायचं व्यसनच लागलं. सकाळी उठल्यावर, मेसमध्ये जेवून आल्यावर, चालून आल्यावर, झोपण्याआधी, असं दिवसातून चार-चार वेळा. दर वेळी ॲप एक बाण दाखवायचं. खाली असला तर खूश, वर असला तर मूड खराब.

अकराव्या दिवशी मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. मसालेभात झाला, जिलेबी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर वजन १.२ किलोने जास्त! 'दहा दिवस चाललो ते गेलं पाण्यात' असं म्हणून मी त्याच दिवशी चालणं सोडलं. काटा गेला पलंगाखाली.

नंतर परत प्रयत्न केला. या वेळी फक्त रविवारी वजन करायचं ठरवलं. दोन रविवार आकडा तसाच, परत सोडून दिलं. गंमत म्हणजे दोन्ही वेळा माझं बरोबर चाललं असण्याची शक्यता जास्त होती. चूक होती आकडा वाचण्यात. तो कसा वाचायचा ते आज बघूया.

काटा नेमकं काय मोजतो?

डिजिटल काट्याच्या चार पायांमध्ये सहसा चार छोटे सेन्सर असतात, त्यांना लोड सेल म्हणतात. तुम्ही उभे राहिलात की त्यातली धातूची पट्टी अगदी किंचित वाकते. त्या वाकण्याने तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल मोजून काटा किलोमध्ये आकडा दाखवतो. म्हणून काटा सतरंजीवर किंवा गादीवर ठेवला तर गडबड होते. खाली घट्ट, सपाट फरशीच हवी.

पण काट्याला चरबी वेगळी, पाणी वेगळं असं काही कळत नाही. पोटातली पोळी, मूत्राशयातलं पाणी, अंगावरची जीन्स, सगळं एकत्रच मोजलं जातं. करून बघा: वजन करा, एक लिटर पाणी थोडं थोडं करून प्या आणि परत वजन करा. काटा किलोभर जास्त दाखवेल. तुम्ही जाड झालात का? नाही ना!

एका रात्रीत किलोभर वजन कसं वाढतं?

एक किलो शरीराच्या चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे लग्नाच्या त्या एका दिवसात माझी चरबी १.२ किलोने वाढायला रोजच्या गरजेपेक्षा ९,००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्या होत्या. मी जिलेबी हाणली होती हे खरं, पण एवढी नाही! मग ते वजन कशाचं होतं?

- मीठ: लग्नाचं जेवण, फरसाण, लोणचं, पापड यात मीठ भरपूर. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं.
- भात, पोळी, गोड: यातली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणीही साठतं.
- पोटातलं अन्न: रात्री उशिरा जेवलात तर सकाळी ते अजून आतच असतं.
- नवा व्यायाम: जिमच्या पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, तेव्हा स्नायूंमध्येही पाणी साचतं.
- पाळी: पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक मुलींचं वजन वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं.

उलटंही तेवढंच खरं आहे. कडक उपवास केला की दुसऱ्या दिवशी आकडा खाली येतो, पण त्यात बराचसा भाग पाण्याचा आणि रिकाम्या पोटाचा असतो. (आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असेल तर तेवढंही नाही!)

७० ग्रॅमचा खेळ

आता मुख्य मुद्दा. समजा तुमचं सगळं छान चाललंय आणि आठवड्याला अर्धा किलो चरबी कमी होतेय. म्हणजे दिवसाला किती? ५०० भागिले ७, साधारण ७० ग्रॅम.

घरातले बरेचसे काटे ५० किंवा १०० ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतात आणि पाण्यामुळे वजन सहज किलोभर वर-खाली होतं. म्हणजे ज्या ७० ग्रॅमसाठी आपण घाम गाळतो, ते त्या हलत्या आकड्यात पार बुडून जातात. भर बाजारात कुणी कुजबुजलं तर ऐकू येईल का? तसंच. म्हणून 'आज वजन कमी झालं का?' या प्रश्नाला काट्याकडे उत्तरच नसतं. 'गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्याची सरासरी कमी आहे का?' याला मात्र असतं.

मग रोज की आठवड्यातून एकदा?

तिसऱ्या प्रयत्नातले माझे दोन आठवड्यांचे आकडे बघा, सोमवार ते रविवार:

पहिला आठवडा: ८४.९, ८४.३, ८४.६, ८४.१, ८४.४, ८५.२, ८५.०
दुसरा आठवडा: ८४.६, ८४.२, ८३.९, ८३.७, ८४.०, ८३.८, ८५.१

दुसऱ्या आठवड्यात शनिवारी रात्री बिर्याणी झाली होती. मी फक्त रविवारी वजन करत असतो तर काय दिसलं असतं? ८५.० वरून ८५.१, म्हणजे १०० ग्रॅमने वाढलं! परत पलंगाखाली काटा. पण सरासरी काढली तर पहिल्या आठवड्याची येते ८४.६४ आणि दुसऱ्याची ८४.१९. म्हणजे जवळपास ४५० ग्रॅमने कमी. शरीर तेच, काटा तोच, पण दोन पद्धतींची उत्तरं उलटी.

म्हणून माझं मत असं: आकडा बघून तुमचं डोकं फिरत नसेल, तर रोज मोजा, पण रोजच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. मोजणं रोज, तुलना आठवड्याची. आणि जेवणात किंवा व्यायामात काही बदलायचं असेल, तर किमान तीन-चार आठवड्यांची सरासरी बघूनच.

आठवड्यातून एकदाच करायचं असेल तर तेही चालेल. फक्त वार ठरलेला ठेवा, शक्यतो मधला, म्हणजे बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवारच्या खाण्याचा परिणाम तोवर बराच उतरलेला असतो. आणि सलग चार आकडे हातात येईपर्यंत काही ठरवू नका.

अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन कमी केलं आणि वर्षभर तरी ते टिकवलं, अशांच्या सवयी त्यात नोंदवल्या गेल्या. त्यातले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करत असल्याचं दिसलं. वजन केल्यामुळेच ते टिकलं असं यावरून सिद्ध होत नाही, पण काट्याकडे अधूनमधून बघत राहणं ही त्यांची सवय आहे, एवढं नक्की.

ॲपमधली ती गुळगुळीत रेष

वजनाच्या अनेक ॲपमध्ये ठिपक्यांच्या मधून एक शांत रेष जाते. तिला ट्रेंड म्हणतात. ही युक्ती वजनासाठी लोकप्रिय केली जॉन वॉकर यांनी. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. १९९१ च्या 'द हॅकर्स डाएट' या पुस्तकात त्यांनी हे गणित मांडलं, आणि ते आठवीच्या मुलालाही जमेल:

१. कालचा ट्रेंड घ्या. समजा ८४.६.
२. आजच्या वजनातून तो वजा करा. आजचं वजन ८५.६, म्हणजे फरक १ किलो.
३. त्या फरकाचा फक्त दहावा भाग कालच्या ट्रेंडमध्ये मिळवा. आजचा ट्रेंड ८४.७.

बघा, वजन किलोभर उडालं, पण ट्रेंड फक्त १०० ग्रॅमने सरकला. उद्या पाणी उतरलं की तोही परत खाली येईल. अँड्रॉइडवर लिब्रा आणि आयफोनवर हॅपी स्केल ही ॲप अशीच रेष दाखवतात. ॲप नको असेल तर गूगल शीट्समध्ये रोजचे आकडे टाका आणि एव्हरेज फंक्शनने सात दिवसांची सरासरी काढा. तेवढंही पुरतं.

फोनमध्ये या चार गोष्टी तपासा

- नोटिफिकेशन बंद करा. 'आज तुमचं वजन ०.६ किलोने वाढलं' हा मेसेज भर लेक्चरमध्ये वाचून कुणाचंही भलं होत नाही.
- परवानग्या बघा. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथ काटा शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून जवळच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आहे. कॉन्टॅक्ट किंवा मायक्रोफोन मागणाऱ्या ॲपला सरळ नाही म्हणा.
- डेटा कुठे जातो? नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर नको असतील तर अँड्रॉइडसाठी ओपनस्केल हे मोफत, ओपन सोर्स ॲप आहे. ते अनेक ब्लूटूथ काट्यांशी जुळतं आणि नोंदी फोनमध्येच ठेवतं.
- काटा 'लबाडी' करतो का? काही काटे नवा आकडा जुन्याच्या जवळ असेल तर जुनाच परत दाखवतात, म्हणजे आपल्याला वाटावं किती अचूक आहे! वजन करा, मग अर्धा लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन करा, मग परत बाटलीशिवाय. मधला आकडा अर्ध्या किलोने वाढायला हवा.

फॅट परसेंटेजवर विश्वास ठेवावा का?

स्मार्ट काटा तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतो. पाणी असलेल्या स्नायूंतून ती सहज जाते, चरबीतून कमी. त्यावरून, तुमची उंची-वय-लिंग धरून, सूत्राने अंदाज काढला जातो. अंदाजच तो. पाय ओले असले किंवा शरीरात पाणी कमी असलं तरी बदलतो. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा साध्या टेपने कमर मोजा. आणि हो, पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा वीजवाला मोड वापरू नये.

रोज वजन कुणी करू नये?

हा भाग कृपया गाळू नका.

माझं जमलेलं बघून मावसबहिणीनेही हेच सुरू केलं. ती अकरावीत. एकदा फोनवर आनंदाने म्हणाली, "दादा, काल रात्री जेवलेच नाही, तर सकाळी सहाशे ग्रॅम कमी!" मी हसलो. पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला. ही डबा तसाच परत आणते आणि अंघोळीच्या आधी एकदा, नंतर एकदा काट्यावर उभी राहते. मी तिला सरासरीचं गणित समजावायला गेलो. ती म्हणाली, "मला कळतंय रे दादा, पण आकडा वाढला की जेवावंसंच वाटत नाही."

तेव्हा लक्षात आलं की इथे गणिताचा उपयोग नाही. मावशीने काटा कपाटात ठेवला, तिने स्वतः ॲप काढून टाकलं आणि त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आता ती नीट जेवते. तिचं वजन किती, हे मी विचारत नाही.

आकडा बघून जेवण टाळावंसं वाटत असेल, दिवसातून अनेकदा काट्याकडे पाय वळत असतील, किंवा सकाळच्या आकड्यावर अख्खा दिवस जात असेल, तर वजन करणं थांबवा आणि घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइनही आहे, नंबर १४४१६. आणि एखाद्या आजारासाठी डॉक्टरांनीच वजनाचं वेळापत्रक दिलं असेल, तर तेच पाळा. तिथे हा लेख लागू नाही.

माझी आजची पद्धत

सकाळी उठलो की आधी टॉयलेट, मग काहीही खाण्या-पिण्याआधी, हलक्या कपड्यांत, फरशीवरच्या त्याच जागी एकदाच वजन. आकडा ॲपमध्ये जातो, मी लगेच बंद करतो. ट्रेंड फक्त रविवारी बघतो. गावी गेलो, दिवाळीचा फराळ सुरू असला की काटा सरळ सुट्टीवर.

तिसऱ्या प्रयत्नाला सात महिने लागले आणि ट्रेंड ७९ च्या खाली आला. त्या सात महिन्यांत वजन 'वाढलेल्या' सकाळी ढीगभर होत्या. फरक एवढाच, की त्यातल्या एकाही दिवशी संध्याकाळी मी चालायचं सोडलं नाही.