काळ्या चिखलातील जीप आणि मोठे इंजिन

हिंगोली जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात कशी होते, हे आपल्याला सांगायला नको. शेतरस्त्यावर जीप रुतली की जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतोच, "इंजिनात दम नाही, मोठे बसवून घ्या." वर्गातील मोठी मुलेही हेच विचारतात. मोठ्या इंजिनाने जीप निघेल का? आपण हिशेब करून पाहू.

दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीप घेऊ. आपल्याकडच्या महिंद्र जीपगाड्या तिच्याच वंशातल्या. तिचे इंजिन ६० अश्वशक्तीचे आणि टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचा जोर, सुमारे १४० न्यूटन-मीटर. पहिला गिअर व लो गिअर घातला की इंजिनाच्या साधारण २५ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. वेग घटतो, पीळ तितक्याच पटीने वाढतो: १४० × २५ = ३,५०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली, तर जमिनीवर १०,००० न्यूटन बल लागू शकते. (यंत्रातील तूट येथे सोडली आहे.)

आता मातीची बाजू. माणसांसह जीप १,५०० किलोग्रॅमची धरू; वजन सुमारे १५,००० न्यूटन. ओल्या मातीचा घर्षण गुणांक ०.३ मानला, तर चारही चाकांना मिळून फार तर ४,५०० न्यूटनांचा आधार मिळेल. म्हणजे लहान इंजिनाचाच जोर मातीला झेपत नाही! चाके जागीच गरगरतात आणि खड्डा खोल होतो. मोठ्या इंजिनाने तो आणखी लवकर खोल होईल, इतकेच. खरा उपाय घर्षण वाढवण्याचा: खोल नक्षीचे टायर, चाकाखाली दगड किंवा तुराट्या.

मग शक्ती लागते कुठे? शक्ती = बल × वेग. ४,५०० न्यूटन बलाने सेकंदाला १.५ मीटर सरकायला ९ अश्वशक्ती पुरते. तेवढ्याच बलाने सेकंदाला १५ मीटर वेगाने चढ चढायचा, तर ९० लागेल. मोठे इंजिन आपल्याला वेग देते.

धोकाही तिथेच आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ती जिरवायची जुन्याच ब्रेकांनी. गिअरबॉक्स, शाफ्ट, रेडिएटरही जुन्या इंजिनाच्या मापाचे. प्रवाशांनी भरलेल्या जीपमध्ये ही चूक जिवावर बेतते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले.

वर्गात करून पाहा: लाकडी ठोकळा ताणकाट्याने आधी कोरड्या, मग ओल्या काळ्या मातीवर ओढा. ठोकळ्यावर वजन ठेवून पुन्हा ओढा. प्रत्येक वेळी ठोकळा सरकू लागतानाचे बल लिहून ठेवा. जीप का रुतते, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.