भौतिकशास्त्राचा प्रकल्प उसाच्या फडात



आपली मुले-मुली परभणीला बी.एस्सी.ला आहेत. शेवटच्या वर्षी प्रकल्प आला की जुनी फाईल उतरवून काढायची, असे पुष्कळदा चालते. त्यात शिकणे होत नाही.

भौतिकशास्त्राचा प्रकल्प निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. प्रश्न एका वाक्यात मांडता यावा, मोजण्याचे साधन हाताशी असावे, आणि उत्तर ‘हो’ येवो की ‘नाही’, ते उपयोगी पडावे.

उदाहरण घ्या. आपला हात-रिफ्रॅक्टोमीटर रसात प्रकाशकिरण किती वाकतो त्यावरून ब्रिक्स दाखवतो. त्याचे माप २० अंश सेल्सिअसला धरलेले असते. रस तापला की किरण कमी वाकतो. ३० अंशांना २० ब्रिक्सचा रस सुमारे पाऊण अंशाने कमी दिसतो. मग पक्व ऊस कच्चा समजून तोड लांबते, वजन घटते. काही साधने ही दुरुस्ती आपोआप करतात. पण भर उन्हात ती खरी उतरते का? एकच रस सावलीत व उन्हात दहा-दहा वेळा मोजा, तापमानासह लिहून ठेवा. झाला प्रकल्प!

दुरुस्ती खरी ठरली तर साधनावरचा भरवसा वाढेल, नाही तर तोडणीसाठी तक्ता तयार होईल. इच्छुक विद्यार्थ्यांनी हंगामापूर्वीच शेतकी गट कार्यालयात भेटावे.

— ऊस विकास अधिकारी