रक्त काय सांगते?

एखादा धडधाकट माणूस छातीत कळ येऊन एकाएकी जातो. लोक हळहळतात. म्हणतात, "काल तर पारावर गप्पा मारत बसला होता. काही दुखत-खुपत नव्हतं हो त्याचं!" खरी गोष्ट अशी असते, की विकार आत कैक वर्षे वाढत होता, फक्त तो दुखत नव्हता. मग तो आधी ओळखावा कसा?

१९४८ साली अमेरिकेत, बोस्टन शहराजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावी डॉक्टरांनी एक काम हाती घेतले. तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांना ते दर दोन वर्षांनी तपासू लागले. रक्त पाहायचे, रक्तदाब मोजायचा, सगळे टिपून ठेवायचे. पुढे हृदयविकार कोणाला झाला आणि कोणाला नाही, ते ताडून पाहिले. तेव्हा दिसले, की ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना हा विकार अधिक होतो.

हे कोलेस्टेरॉल म्हणजे काय? ते चरबीसारखे एक द्रव्य आहे. शरीराला ते लागते आणि आपले यकृत ते तयारही करते. पण तेल जसे पाण्यात मिसळत नाही, तसे हे रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याची बारीक गाठोडी बांधून नेते. त्यांतल्या एका जातीला एलडीएल म्हणतात. ही गाठोडी फार झाली, की रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात. पाटात गाळ बसावा, तसा तिथे थर बसतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा अडतो. हाच हार्ट अटॅक.

रक्ताच्या रिपोर्टात एलडीएलचा आकडा असतो. निरोगी माणसाचा आकडा साधारणपणे १०० च्या आत असावा. १९० किंवा त्याहून जास्त असला, तर काही त्रास नसला तरी डॉक्टर बहुधा औषध देतात. लायपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक तपासणी आहे. हा गुण आईबापांकडून येतो व जन्मभर फारसा बदलत नाही. म्हणून ती बहुधा एकदाच केली तरी पुरते. घरात कोणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल, तर तिच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

पण एकट्या आकड्यावरून भविष्य सांगता येत नाही. डॉक्टर वय, रक्तदाब, साखर आणि तंबाखू या सर्वांचा मिळून हिशेब करतात. समजा ते म्हणाले, "दहा वर्षांत शंभरात दहा इतका धोका आहे." म्हणजे तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकी सुमारे दहा जणांना विकार होईल. ते दहा कोण, हे कोणी सांगू शकत नाही. आभाळ भरून आले म्हणजे पाऊस पडेलच असे नाही. तरी शहाणी बाई वाळवण आत घेतेच ना? तसेच हे आहे. त्यातून आपल्या लोकांना हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे लवकर गाठतो. तेव्हा आपण अधिक जपायला हवे.

रिपोर्ट चांगला आला, म्हणून तंबाखूची चंची पुन्हा उघडू नये. गोळीने आकडा उतरला, म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छातीत दाबल्यासारखे झाले, घाम फुटला, हात किंवा जबडा भरून आला, तर कोलेस्टेरॉल तपासत बसू नका. "गॅस झाला असेल" म्हणून सकाळची वाटही पाहू नका. १०८ ला फोन करा आणि तडक इस्पितळ गाठा. रक्ताची ही तपासणी आधी करायची असते. कळ आल्यावर एकेक मिनिट मोलाचे असते.