कोपऱ्यावरचें दुकान

नाताळाच्या सुमारास पाश्चात्त्य देशांत जे प्रणयाचे विनोदी बोलपट दाखविले जातात, त्यांतील बहुतेकांत बर्फ, घंटा आणि आलिंगनें यांपलीकडे फारसें कांहीं नसतें. १९४० सालचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा बोलपट मात्र त्या पंक्तींत बसवितां येत नाहीं. कारण त्यांतील प्रेम पोटापाण्याच्या विवंचनेंत गुंतलेलें आहे.

मिक्लोश लासलो या हंगेरियन लेखकाच्या नाटकावरून तो रचिला असून कथा बुडापेस्ट शहरांत घडते. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा १८९२ सालीं बर्लिन येथें एका शिंप्याच्या घरीं जन्मला. तरुणपणीं दिवसा तो बापाच्या दुकानांत काम करी व रात्रीं नाटकांत. त्यामुळें मॅटुशेकशेटजींचें चामडी वस्तूंचें दुकान त्यानें असें उभें केलें आहे कीं, तेथील नोकरांची सकाळची दाराबाहेरची वाट पाहणी आणि मालकाच्या कपाळावरची आठी ओळखण्याची धडपड कोणत्याही नोकरदार गृहस्थास परकी वाटूं नये.

क्रॅलिक हा तेथील प्रमुख विक्रेता. त्याचा एका अनोळखी स्त्रीशीं पत्रव्यवहार चालला आहे. ग्रंथ, कला, जीवित अशा उच्च विषयांवर दोघें लिहितात. नांवगांव कोणींच कळविलेलें नाहीं. इकडे दुकानांत क्लारा नांवाची नवी मुलगी लागते. गाणें वाजविणारी सिगारेटची पेटी ती एका स्थूल बाईस मिठाईची पेटी म्हणून विकते; झांकण उघडतांच गाणें वाजेल व अधिक खाण्याची आठवण मोडेल, ही तिची युक्ति! त्या पेटीवरून क्रॅलिकचें व तिचें जें बिनसतें तें बिनसतेंच. हीच ती पत्रलेखिका, हें दोघांसही ठाऊक नाहीं. शृंगारापासून हास्य उपजतें असें भरतमुनींनीं म्हटलें आहे. त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् सांपडेल.

पण हंसूं मध्येंच थांबतें. आपल्या पत्नीचें दुकानांतील कोणा नोकराशीं सूत आहे, असें निनांवी पत्र शेटजींस आलेलें असतें. संशय क्रॅलिकवर जातो, आणि नाताळ तोंडावर असतां त्याला कामावरून काढण्यांत येतें. नेमकी त्याच संध्याकाळीं पत्रलेखिकेची पहिली भेट ठरलेली! खरा अपराधी वाडास नांवाचा दुसराच, हें कळल्यावर शेटजी स्वतःवर पिस्तूल रोखतात. पेपी हा हरकाम्या पोरगा वेळेवर पोंचतो म्हणून ते वांचतात. विनोदी बोलपटांत असा प्रसंग घालणें धाडसाचें. पण लुबिचनें तो इतक्या थोडक्यांत उरकला आहे कीं औचित्यास बाध येत नाहीं.

भेटीच्या ठिकाणीं क्रॅलिक आंत जात नाहीं; खिडकींतून डोकावण्याचें काम पिरोविचला करावें लागतें. खुणेचें पुस्तक व तांबडें फूल घेऊन बसलेली ती क्लाराच आहे हें त्याला दिसतें. मग क्रॅलिक तिच्यासमोर जातो, पण ओळख देत नाहीं, आणि ती त्याला क्षुद्र कारकून म्हणून टोंचते. प्रेक्षकाला सारें ठाऊक असल्यामुळें तिचा प्रत्येक शब्द दोन ठिकाणीं लागतो. जेम्स स्ट्यूअर्ट व मार्गरेट सुलवन यांचा हा प्रवेश सर्वोत्तम मानला जातो. आमचा ओढा मात्र फेलिक्स ब्रेसार्टनें केलेल्या पिरोविचकडे. मालकानें “खरें मत सांगा” म्हणतांच हा कुटुंबवत्सल गृहस्थ गुपचूप पसार होतो. त्याला भित्रा म्हणणारांनीं घरीं बायकोमुलें असतां नोकरी टिकवून पाहावी.

१९९८ सालीं अमेरिकेंत याच कथेवर ‘यू हॅव गॉट मेल’ निघाला. तेथें टपालाऐवजीं संगणकी पत्रें आहेत, पण नोकरी जाण्याची ती धास्ती नाहीं. नायक स्वतःच मोठ्या दुकानांचा धनी!

मूळ बोलपटांत नाताळच्या आदल्या रात्रीं विक्री उत्तम होते व शेटजी सर्वांस बक्षिसी वांटतात. मग ते बर्फांत उभे राहून एकेकास आजचा बेत विचारतात. प्रत्येकाला जाण्यास घर आहे. शेवटीं रूडी हा नवा पोरगा निघतो. त्याचें शहरांत कोणी नाहीं. शेटजी त्याला जेवावयास नेतात आणि पदार्थांचीं नांवें घोळून घोळून सांगतात. भाजलेला हंस आपल्या पानांत चालावयाचा नाहीं. पण त्या पोराचा फुललेला चेहरा पाहण्यासारखा आहे. आंत दुकानांत क्रॅलिक व क्लारा दोघेंच उरलीं आहेत, आणि त्यानें कोटास तांबडें फूल अद्याप लावावयाचें आहे.