लेसरचा झोत आणि कॅमेऱ्याचा नेत्र

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत श्रींची मूर्ती समोर येताच भाविकांचे हात जोडले जातात आणि हल्ली त्यांबरोबर मोबाइलचे कॅमेरेही उंचावतात. अशा वेळी लेसरचा प्रखर झोत क्षणभर जरी भिंगात शिरला, तरी पुढील प्रत्येक छायाचित्रात एखादी रेघ वा ठिपका कायमचा उमटू शकतो.

असे का व्हावे? साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. १९६० साली प्रथम साकारलेल्या लेसरचे किरण मात्र जवळजवळ समांतर जातात. भिंग त्यांना सुईच्या टोकाहूनही लहान बिंदूत एकवटते. त्या उष्णतेने सिलिकॉनच्या पटलावरील सूक्ष्म प्रकाशग्राही घटक जळतात. त्यांना जोडणारा विद्युत्‌मार्ग तुटला, तर सबंध ओळच निकामी होते. फिल्मच्या कॅमेऱ्यात दर छायाचित्राला नवी फिल्म पुढे सरके. येथे पटल एकच आणि ते बदलण्यावाचून उपाय नसतो.

म्हणून झोत दिसताच कॅमेरा वळवावा. पण वाचकहो, आपल्या डोळ्यांतही असेच भिंग आहे आणि त्यामागील दृष्टिपटल बदलता येत नाही. २०२४ साली पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात अशा झोतांना मनाई केली, ती डोळ्यांच्या काळजीपोटीच. छायाचित्र पुढल्या वर्षीही काढता येईल. बाप्पाच्या दर्शनासाठी दृष्टी मात्र शाबूत हवी.