कॅनव्हास फळीवर चढवण्यापूर्वी

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या या गावात पणजोबांचे तैलचित्र भिंतीवर असलेली घरे आजही आहेत. अशा चित्राचा कॅनव्हास सैल पडला की घरातले कोणीतरी सुचवते, ‘प्लायवूडवर चिकटवून टाका, प्रश्न मिटला!’ खरे तर प्रश्न तिथूनच सुरू होतो.

कॅनव्हास सैल का पडतो, ते आधी पाहू. जुन्या कॅनव्हासवर रंगाआधी बहुधा सरसाचा हात दिलेला असतो. पावसाळ्यात हा सरस ओलावा शोषून मऊ पडतो, कोरड्या दिवसांत आवळतो. मागची लाकडी चौकटही फुगते, आकसते. या ओढाताणीत रंगाला तडे जातात. पाठीशी ताठ फळी असली की चित्राला आधार मिळतो, हे खरेच. पण तो देण्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा, चिकटवायचेच नाही. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतील, तर त्या जाणकाराकडून हलकेच ठोकून घेतल्या की कॅनव्हास ताणला जातो. मग चौकटीच्या मागे पातळ बोर्ड स्क्रूने बसवायचा. धूळ, धक्का आणि दमटपणा यांपासून बरेच रक्षण होते. रंग घट्ट असेल, तर पुष्कळ चित्रांना एवढे पुरते.

दुसरी तऱ्हा सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाची. नव्या सरावचित्राला किंवा छापील कॅनव्हासला ती चालते. मात्र फळीला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही रंगाचा हात द्यावा. एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. एमडीएफच्या कडा ओलाव्याने फुगतात. नामफलकांसाठी वापरतात तो अॅल्युमिनियमचा बोर्ड ओलावा शोषत नाही. जुन्या चित्राला मात्र हा गोंद लावू नये. त्यातल्या पाण्याने कॅनव्हास आकसू शकतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि वाळलेला गोंद पुढे सहज निघत नाही. शिवाय पाठीवरची चित्रकाराची सही, तारीख कायमची झाकली जाते.

तिसरी तऱ्हा उष्णतेने चिकटणाऱ्या पदार्थाची. संवर्धक १९७० च्या दशकापासून ‘बेव्हा ३७१’ वापरतात. सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तो चिकटतो आणि पुन्हा उष्णता दिली की सोडवता येतो. पण दाब जास्त झाला तर रंगाचे उंचवटे सपाट होतात. म्हणून हे काम तज्ज्ञाचेच. घरच्या इस्त्रीचे नव्हे.

१९७४ मध्ये इंग्लंडमधील ग्रिनिच येथे जमलेल्या तज्ज्ञांपुढे, जुन्या चित्रांना पाठीमागून अस्तर चिकटवणे काही काळ थांबवावे, असे आवाहन झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या रिवाजाने चित्रांचे नुकसानही होत होते.

तेव्हा गोंदाचा डबा उघडण्याआधी चित्राच्या पाठीचा फोटो काढून ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: आज चिकटवलेले उद्या सोडवता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर पणजोबांना आहेत तसेच, ओल न येणाऱ्या भिंतीवर राहू द्या.